कडू जागा दुसऱ्यानं वाचायची

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुकानात जुन्या कॅसेटी निवडत बसलो होतो. म्हणाले, बालाजीराव, तुम्ही एवढी वर्षं लग्नाचं शूटिंग केलं, गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना जरा हसू द्या. मी हो म्हणून बसलो. आता लिहायला घेतलं तर गमती दोनच आठवतात, आणि बाकीचं सगळं तोंड कडू करणारं आहे. ज्यांना नुसतं हसायचं आहे त्यांनी दोन गमती वाचून पान उलटावं. माझा राग नाही.

माझं दुकान सेलूला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वडील शेती करायचे, मला ढेकळात राम वाटेना म्हणून कॅमेरा घेतला. लोकांना वाटतं शूटिंगवाल्याचं काम म्हणजे कॅमेरा खांद्यावर घेऊन स्टेजवर गर्दी करणं. तसं नाही. खरं काम नंतर, दुकानात बसून. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं कच्चं शूटिंग घ्यायचं आणि त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं ते ठरवायचं. याला आम्ही कटिंग म्हणतो. कच्च्या शूटिंगात नवरी शिंकते, जेवणावळीत भांडण होतं, भटजी घड्याळ बघतो. कटिंगनंतर नवरी नुसती लाजते.

एका गावचे पाटील आले. लग्नानंतर महिन्याभरात सख्ख्या भावाशी बांधावरून वाजलं होतं. म्हणाले, "बालाजी, त्याला काढ. समद्या क्यासेटीतून काढ." आता हा भाऊ म्हणजे अंतरपाट धरून मधोमध उभा! काढू कसा? शेवटी मंगलाष्टकं चालू असताना मी सगळ्यांना नुसतं झुंबर दाखवलं. पुढच्या वर्षी भाऊ-भाऊ एक झाले आणि पाटील पुन्हा दुकानात. "टाक बाबा त्याला परत, तो बघायला येऊ लागलाय." दुसरं गिऱ्हाईक एक पुढारी. सभेला माणूस नव्हतं, मागच्या खुर्च्या रिकाम्या. त्यांना गर्दी पाहिजे होती. मी आहे तीच माणसं डावीकडून घेतली, मग उजवीकडून घेतली आणि जोडली. फक्त एक हिरव्या लुगड्याची बाई दोन्हीकडे जांभई देताना दिसत होती. पुढाऱ्याला ती दिसली नाही, लोकांना दिसली.

झाल्या गमती. आता ज्या कामाबद्दल मला लिहायचं आहे ते सांगतो. त्यात मी एकदाही कात्री लावली नाही.

इलियास मौलाना आणि साळवे पास्टर ही आमच्या भागातली दोन माणसं. मौलाना एका खासगी शाळेत हिंदी शिकवायचे आणि शुक्रवारी त्यांच्या मोहल्ल्याच्या मशिदीत नमाज पढवायचे. साळवे सर मानवतचे. गावाबाहेर पत्र्याचं एक शेड, रविवारी तिथं पंधरा-वीस घरची माणसं जमायची, त्यांचे हे पास्टर. पोटासाठी शिकवण्या घ्यायचे, इंग्रजीच्या. त्या शिकवणीच्या क्लासवर मौलाना हिंदी शिकवायला यायचे, तिथं दोघांची गाठ. मधल्या सुट्टीत चहा घेता घेता सुरू व्हायचं: तुमच्या ग्रंथात असं मारा म्हटलंय, तुमच्या ग्रंथात तसं कापा म्हटलंय. शिकवणीची पोरं वर्गात न बसता यांचं ऐकत दारात उभी. तेव्हा कुणीतरी म्हणालं, हे उघड करा की, चार लोक ऐकतील.

जागा मिळाली जिनिंगच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात कापसाचा हंगाम सरला की जिनिंग बंद. मालक सज्जन माणूस, म्हणाला बसा खुशाल, बिड्या तेवढ्या ओढू नका. उरलेल्या गाठींच्या थप्पीपुढं दोन खुर्च्या, एक टेबल, माझे दोन लाइट. कापसाची बारीक रुई उडायची, लेन्स सारखी पुसावी लागायची. यायची माणसं पन्नासेक. मुसलमान, ख्रिस्ती, आणि आमच्यासारखे बघे. मला कुणी विचारायचं, "बालाजी, तू कुणाकडून?" मी म्हणायचो, "मी स्टँडकडून. कॅमेरा हलला न्हाई म्हणजे झालं." आमच्या घरी श्रावणात पोथी लागते, तीत किती मुंडकी उडतात ते मी कधी मोजलं नाही, मग दुसऱ्याची कशाला मोजू?

दोघांनी दोन नियम केले होते आणि ते दोन्ही मौलानांच्या डोक्यातून निघाले. पहिला असा की, आपल्या ग्रंथातली कडू जागा आपण वाचायची नाही, ती समोरच्यानं वाचायची. मौलाना म्हणायचे, "अपनी कडवी जगह आदमी जल्दी जल्दी पढता है. आवाज उतार के पढता है." म्हणून तुमची जागा मी मोठ्यानं, सावकाश, एक शब्द न गाळता वाचणार. मग तुम्ही अर्थ सांगा. माझी जागा तुम्ही वाचा, अर्थ मी सांगतो. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला हे लगेच पटतं. नको तो विषय निघाला की माणसाची नजर टेबलाकडे जाते, मी हजार लग्नांत पाहिलंय.

दुसरा नियम माझ्यासाठी होता. कटिंग नाही. यूट्यूबवर टाकायचं ते पहिल्या खोकल्यापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत पूर्ण. त्यांचं म्हणणं, अख्खं लोकांपुढं ठेवलं की कुणाला वाकडं करता येत नाही. भोळी माणसं! शिकलेली, दोन-दोन ग्रंथ पाठ असलेली, पण भोळी. मला धंद्यामुळं कळायला पाहिजे होतं की कापडाचं अख्खं थान बाजारात ठेवलं तर कात्री कुणाच्याही हातात असते. पण त्या बैठका अशा रंगायच्या की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एकदा साळवे सरांनी कुराणातली जागा वाचली. मुदत संपली की ते जिथं सापडतील तिथं त्यांना मारा, अशा अर्थाची. मौलाना उठून अर्थ सांगायला लागले: हे कुणाबद्दल, तर करार मोडून अंगावर आलेल्यांबद्दल. कधी, तर त्या लढाईच्या वेळी. आणि लगेच पुढच्याच ओळीत काय, तर त्यांच्यातला कुणी आसऱ्याला आला तर त्याला आसरा द्या आणि त्याच्या सुरक्षित जागी नेऊन पोचवा. खतवाले एक शेटजी मागून उठले. "मौलाना, तुमी सांगता ते गोड लागतंय. मग बंदूक घेऊन फिरनारे ती पुढची ओळ का वाचत न्हाईत?" मौलाना म्हणाले, "शेटजी, पुढची ओळ वाचली की त्यांचं काम बंद पडतं ना." हसले सगळे. मौलाना नाही हसले. म्हणाले, "आणि मी अर्थ सांगून मोकळा होतो. ज्याचं माणूस गेलं त्याला या अर्थाचं काय करायचं, ते मला कळत नाही." असं बोलणारा माणूस होता हा.

पुढच्या बैठकीला मौलानांची पाळी. त्यांनी बायबलच्या जुन्या करारातली जागा काढली. हिंदी बायबल होतं. राजाला देवाचा हुकूम आहे की त्या शत्रूच्या टोळीतलं कुणी शिल्लक ठेवू नकोस. पुरुष नको, बाई नको, लेकरू नको, अंगावर पिणारं तान्हंसुद्धा नको, गुरंढोरं नकोत. नियमाप्रमाणे मौलानांनी मोठ्यानं वाचलं, सावकाश, समोर बघत. टोपी, दाढी, मागे पांढऱ्या गाठी, आणि माझा लाइट नेमका चेहऱ्यावर. फ्रेम मीच लावली होती, आणि खोटं कशाला बोलू, चांगली लागली होती.

साळवे सरांनी अर्थ सांगितला. एक म्हणजे हा हुकूम त्या एका टोळीपुरता, त्या एका वेळेपुरता, आज कुणी तो स्वतःच्या हातात घेऊ शकत नाही. दुसरं, जुन्या काळी लढाईचं वर्णन असंच फुगवून करायचे. जी टोळी नामशेष झाली म्हणतात तीच पुढच्या पानांत पुन्हा लढायला उभी दिसते. तिसरं, येशूनं शत्रूवर प्रेम करायला सांगितलं, त्या उजेडात हे मागचं वाचायचं. चांगलं बोलले. मग मौलानांनी एकच विचारलं, "सर, सगळं मान्य. पण त्या अंगावर पिणाऱ्या लेकराचा काय गुन्हा?"

मला वाटलं माइक बंद पडला, मी हेडफोन दाबून बघितला. मग साळवे सर म्हणाले, "हे माझ्याच ग्रंथातलं आहे, मी झाकणार नाही. पण या लेकराचं उत्तर माझ्यापाशी नाही. मी दरवर्षी वाचत वाचत इथं येऊन अडकतो." मौलानांनी पुस्तक मिटून दोन्ही हातांनी परत केलं आणि म्हणाले, आज इथंच थांबू. कुणी टाळी वाजवली नाही. जिंकण्या-हरण्याच्या कितीतरी सभा मी शूट केल्या, माणूस इतका उंच झालेला पुन्हा पाहिला नाही. त्या दिवशीच्या साळवे सरांबद्दल मला आजही आदर आहे. त्या दिवशीच्या म्हणतोय.

काही दिवसांनी माझ्याच मोबाइलवर ती क्लिप आली. पाठवणारा माझा सख्खा मेहुणा, पाथरीचा. माझी फ्रेम, माझा लाइट, माझ्या गाठी. मौलाना वाचतायत: बाई नको, लेकरू नको, तान्हं नको. पुढं काही नाही, मागं काही नाही. खालून ढोल वाजवलेला आणि वर लिहिलेलं, बघा काय शिकवतात. मी लगेच मेहुण्याला फोन लावला.

"आरे, हे बायबलातलं हाय. त्याचं न्हाई."

"मग तो का वाचायलाय, दाजी?"

"आरे त्यांचा नियमच हाय तसा. समोरच्याची जागा..."

"दाजी, तुमी लय भोळे. बोलतोय तर त्योच ना? त्वांड तर त्याचंच हाय ना?"

हाच प्रश्न नंतर मला सगळ्यांनी विचारला. चहाच्या टपरीवर, बाजारात, शाळेच्या संस्थाचालकांनी. क्लिपवरून तक्रार होऊन ज्या ठाण्यात मौलानांना नेलं तिथल्या साहेबांनी पण हेच विचारलं. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच मला नवीन लफडं नको.

मी हार्ड डिस्क घेऊन ठाण्यात गेलो. साहेबांनी थोडं पाहिलं, पुढं पळवलं, पुन्हा थोडं पाहिलं. "हे किती लांब हाय ओ?" मी म्हणालो, साहेब, पूर्ण बघा, मग कळतं. ते म्हणाले, "बाहेर लोकं जमायलेत, मी इथं पिक्चर बघत बसू का? असं करा, हे ज्याच्या पुस्तकातलं हाय त्याला घेऊन या. तो म्हनला की हे आमचं हाय, तर बघू." आणि जाता जाता दुसरं सांगितलं, यूट्यूबवरचं ते काढून टाका, वातावरण तापलंय. मी काढलं. म्हणजे अख्खं होतं ते बंद झालं आणि तुकडा गावभर हिंडत राहिला. याला काय म्हणावं?

मौलाना आत बाकावर बसले होते. साळवे सर आले की सुटतील, इतकं सोपं होतं. एका माणसानं एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य तो पन्नास लोकांपुढं आधी बोललेला होता.

मी मोटारसायकल काढून मानवत गाठलं. साळवे सरांच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. "भाऊजी, ह्यांना कुठं नेऊ नका." आत सर भिंतीला टेकून बसलेले. त्यांचं भय खोटं नव्हतं, हे आधी लिहितो. काही आठवड्यांपूर्वी टोळकं येऊन त्यांच्या शेडमध्ये जमलेल्यांचे फोटो काढून गेलं होतं. कुणाला बाटवता, किती देता, असं विचारून गेलं होतं. दोन घरांनी यायचं सोडलं होतं. सर म्हणाले, "बालाजी, मी जाऊन सांगितलं की लेकरं मारायचं माझ्या पुस्तकात हाय, तर संध्याकाळी ढोल लावून माझी क्लिप निघंल. मौलानाच्या मागं मोहल्ला हाय. माझ्या मागं पत्रे हायत."

"सर, मोहल्ला कोर्टात कामाला येत न्हाई. त्यांची नोकरी जायलीय."

"मला कळंना का ते?"

"मग उठा."

उठले. खरंच उठले, काळ्या चेनच्या कव्हरातलं बायबल बगलेत मारलं, बायको रडत होती तरी माझ्यामागं बसले. वाटेत मला इतकं हलकं वाटत होतं की मी पोचल्यावर मौलानांना काय म्हणायचं ते जुळवत होतो.

साहेबांनी खुर्ची दिली. विचारलं, "पास्टर, हा जे वाचतोय ते तुमच्या पुस्तकात हाय का?"

साळवे सरांनी बायबल मांडीवर घेतलं. हात चेनवर. पलीकडे बाकावर मौलाना. दारात चार-पाच जण मोबाइल घेऊन उभे. सर साहेबांकडे बघेनात, मौलानांकडे बघेनात, टेबलाकडे बघू लागले. आणि आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, आमचा ग्रंथ प्रेम शिकवतो."

"ते झालं. हे हाय का न्हाई?"

"आमचा ग्रंथ प्रेम शिकवतो, साहेब. शत्रूवर पण प्रेम."

मी ओरडलो, "सर, पुस्तक उघडा की! चेन काढा!" साहेबांनी मला बाहेर व्हायला सांगितलं. मी मौलानांकडे पाहिलं. त्या माणसाला पान, ओळ, सगळं तोंडपाठ होतं. त्यानं हातानंच मला खुणावलं, राहू दे. सर खोटं काही बोलले नाहीत, हे मला नंतर पुष्कळांनी समजावून सांगितलं. नाही बोलले. असल्या खऱ्याला काय चाटायचंय?

मौलाना परभणीच्या जेलात गेले. जामीन व्हायला बरेच दिवस लागले. शाळेनं आधी घरी बसा म्हटलं, मग येऊ नका म्हटलं. आता पाथरीला चुलत्याच्या कापडाच्या दुकानात गजपट्टी घेऊन उभे असतात, बाया ब्लाउजपिसांचा भाव करतात. मोहल्ल्यातही नमाज दुसरा कुणी पढवतो; तिथल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, दुसऱ्याचं पुस्तक हातात घ्यायला यांना सांगितलं कुणी?

केस चालूच आहे. वकील परभणीचे, माणूस हुशार. मला म्हणाले, "बालाजीराव, अख्खं रेकॉर्डिंग मी दाखल करतो, पण ते बघत कोण बसतंय? मला एवढाच तुकडा काढून द्या, पास्टर म्हणतो ना, हे माझ्याच ग्रंथातलं आहे, ते लेकराच्या उत्तरापर्यंत. एका मिनिटात काम होईल." मला पटलं. माझा तर धंदाच तो. पण मौलाना ऐकेनात.

"नक्को. टुकडा नक्को. द्यायचं तर पूर्ण द्या."

"आहो मौलाना, तुमच्या सुटकेचं आहे!"

"तो तुकडा कोर्टात राहील काय? वकिलाच्या ऑफिसातून संध्याकाळपर्यंत गावात येईल. मग त्याच्या पत्र्यावर दगड पडतील. ते वाक्य तो आमच्या भरोशावर बोलला होता, बालाजीभाई."

"आणि तुम्ही कुणाच्या भरोशावर वाचलं होतं? त्यानं तुमचं काय केलं?"

ते गजपट्टी पुसत राहिले. म्हणाले, त्यानं स्वतः हो म्हटलं तर द्या, मग माझी ना नाही.

म्हणून मी पुन्हा मानवतला गेलो. मोबाइलमध्ये तेवढा भाग घेऊन गेलो आणि साळवे सरांपुढं लावला. सरांनी स्वतःला बोलताना पाहिलं, हे माझ्याच ग्रंथातलं आहे, मी झाकणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, सर, येऊ नका कुठं, नुसतं हो म्हणा, एवढ्यावर मौलाना सुटतील. त्यांनी मोबाइल उलटा करून माझ्या हातात दिला. म्हणाले, "त्याला सांग, मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो."

मी चहा न घेता निघालो. पाथरीला पोचलो तेव्हा मौलाना कुणाला तरी परकरासाठी कापड फाडून देत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी पायरीवर थांबलो. मग त्यांनी विचारलं, "क्या बोले सर?"

माझ्या तोंडात चार शिव्या होत्या. पण निरोप तो निरोप. सांगितलं, "तुमच्यासाठी रोज दुवा करतात म्हणाले."

मौलानांनी गजपट्टी खाली ठेवली, दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाले, "आमीन." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते मनापासून म्हणाले, आणि मला साळवे सरांचा सगळ्यांत जास्त राग तेव्हा आला.